दोन चाकऱ्या, एक हिशेब

वर्षाच्या मध्येच एक नोकरी सोडून दुसरी धरण्याचा प्रघात हल्ली घरोघर पडला आहे. आमच्या पिढीतील मनुष्य एका शाळेत शिरला म्हणजे तेथूनच पेन्शनीत निघावयाचा. त्यास हा प्रश्न कधी पडलाच नाही. परंतु आमच्या वाचकांच्या चिरंजीवांस व सुनांस तो पडतो, आणि तोही बहुधा विवरणपत्र भरतेवेळी, म्हणजे वेळ टळल्यावर.

उदाहरणच घेऊ. 2024-25 या आर्थिक वर्षी एका गृहस्थाने सप्टेंबरअखेर दरमहा 80 हजारांवर एके ठिकाणी व पुढील सहा महिने दरमहा 1 लाखावर दुसरीकडे काम केले असे समजा. कर नव्या पद्धतीचा. पहिल्या मालकाने वर्षाचे 9 लाख 60 हजार धरून आपल्या वाट्याच्या सहा महिन्यांत सुमारे 20 हजार कर कापला. दुसऱ्यास मागील पगाराची वार्ताच नाही. त्याने आपले 6 लाख तेवढे पाहिले, त्यांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट केली, बाकी 7 लाखांच्या आत म्हणून सवलतीने कर शून्य ठरविला व एक पैसाही कापला नाही. पगार पुरा हाती येतो, घरात आनंद! वस्तुतः एकूण पगार 10 लाख 80 हजार. वजावट दोघांनीही धरली, पण ती मिळावयाची एकदाच. करपात्र रक्कम 10 लाख 5 हजार. उपकरासह कर 52 हजार 780. म्हणजे 32 हजारांहून अधिक रक्कम एकदम भरणे आले, शिवाय व्याज.

यावर तोड कायद्यातच होती. नव्या जागी रुजू होताच जुना पगार व कापलेला कर 12 बी या नमुन्यात कळविला असता, तर नव्या मालकाने दोन्ही मिळून कर कापला असता. (2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यापुढील वर्षांस नमुन्याचा क्रमांक त्याप्रमाणे पाहावा.) जुना पगार सांगण्याचा अनेकांस संकोच वाटतो. त्यांनी न सांगावे. परंतु मग निदान 15 मार्चपूर्वी अग्रिम कर स्वतः भरावा. विवरणपत्रात मात्र दोन्ही मालक निरनिराळे दाखविलेच पाहिजेत; सरकारच्या 26 एएस या उताऱ्यात दोघांनी कापलेला कर नोंदलेला असतोच.

एकत्र कुटुंबातील काही वडील मंडळी विचारतात, मुलाचा पगार कुटुंबाच्या विवरणपत्रात घालावा काय? नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या खटपटीने झालेल्या 1930 च्या कायद्याने विद्याधन मिळविणाऱ्याचेच ठरले, मग शिक्षणाचा खर्च कुटुंबाने का केला असेना. पगार त्याने घरात द्यावा की न द्यावा, ही गोष्ट निराळी.

जुनी कचेरी सोडतानाच आपला खाजगी ई-मेल तेथे लिहून द्यावा. 16 क्रमांकाचे प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर जूनच्या सुमारास निघते, आणि कचेरीचे खाते तोवर केव्हाच बंद झालेले असते.