खालची टाकी आधी

दिवाळीत भाचा आला होता अमरावतीहून. आमच्या बैठकीतली खाऱ्या पाण्याची माशांची टाकी पाहून त्याची बायको आणि लेक अगदी हरखून गेल्या. परवा त्याचा फोन. "मावशी, आम्हालाही करायचीय. काचवाल्याला ऑर्डर देऊन टाकतो. ते खालचं सगळं नंतर बघू, आधी वरचं तर होऊ दे!"

मी म्हटलं, "बाबा, मग करूच नको."

त्याला राग आला असावा. फोनवर मला नीट सांगताही आलं नाही. म्हणून इथे लिहिते, म्हणजे तोही वाचेल आणि टाकीचे फोटो पाहून विचारणारी बाकीची मंडळीही.

आधीच कबूल करते, विज्ञान हा माझा विषय नव्हे. मी मराठी शिकवलं, आणि शिक्षक कमी पडले की पाचवी-सहावीचं गणित. ही टाकी नातवाची हौस. तो शिकायला पुण्याला गेला आणि टाकी आजीच्या गळ्यात पडली. त्यानं पहिल्यांदा "आजी, संप करावा लागेल" म्हटलं, तेव्हा मी दचकलेच. आमच्या पिढीला संप म्हटलं की १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप आठवतो. म्हटलं, आता माशांचाही का?

तर हा संप म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी काचेची टाकी. वरच्या टाकीचं पाणी काठाशी आलं की नळीतून खाली उतरतं. खाली काचेच्या आडव्या पट्ट्यांनी खोल्या पाडलेल्या. पहिल्या खोलीत कापडी पिशवीतून पाणी गाळलं जातं, दुसरीत बारीक बुडबुड्यांचा फेस करून त्याबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, आणि शेवटच्या खोलीत पाणी वर ढकलणारा पंप. ह्या दोहोंच्या मध्ये जी खोली, तिला म्हणतात रिफ्युजियम. मी तिला छावणी म्हणते. कामठीच्या माणसाला तो शब्द शिकवावा लागत नाही, १८२१ पासून आमचं गावच छावणीचं! माशांच्या तोंडातून वाचलेले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव तिथे आसऱ्याला राहतात, वाढतात, आणि त्यांतले काही पंपातून वर जाऊन माशांचा खाऊ होतात. आसरा आहे, पण कायमचा नाही. असो.

छावणीचं खरं काम मात्र शेवाळाचं. त्याला कीटोमॉर्फा म्हणतात, भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या जाळीसारखं दिसतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, सूक्ष्म जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवर सगळं आपोआप. (हे जिवाणू वसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासा आणायचा नाही. नातवाला हे चार आठवडे चार वर्षांसारखे गेले.) पण नायट्रेटचं पुढे काय? ते पाण्यातच साचत राहतं. शेवाळ ते खाऊन वाढतं, आणि मी दर पंधरा-वीस दिवसांनी मूठभर शेवाळ उपटून बाहेर काढते, तेव्हा कुठे ती घाण खऱ्या अर्थानं घराबाहेर जाते.

माझा मुद्दा नेमका इथेच आहे. आमच्या शाळेची सहल एकदा मुंबईला गेली होती, तेव्हा मुलांना तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. १९५१ साली सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवर, अगदी समुद्रासमोर. (२०१५ साली ते नव्यानं सजवून उघडलं, पुढे बंद पडलं, त्याची हळहळ वाटते.) तिथे पाणी समोरच्याच समुद्राचं घेत. आपल्या दारात समुद्र नाही. कामठीहून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटरच्या वर. आपला समुद्र पिशवीतून येतो. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, वर-खाली मिळून तीनशे लिटर पाणी धरलं तर साडेदहा किलो. तेही स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि काय काय असावं लागतं, आणि ते महाग असतं. पाणी आरओचं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर नाल्यात जातं. (मी ते बादलीत धरते, भांड्यांना वापरते.) हे पाणी पुन्हा पुन्हा फेकायचं? कन्हानच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात उन्हाळ्यात नळ कसा येतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला ते जमणार नाही. मग तो बदलणं टाळत जाईल आणि मासे नासक्या पाण्यात राहतील. समुद्रकाठच्या माणसानं छावणी केली नाही तर मी समजू शकते. आपल्याकडे ती चैन नव्हे.

आता खालच्या टाकीचं माप. ह्यात आमची फजिती झालेली आहे. पहिली खालची टाकी नातवानं दुकानदाराच्या सल्ल्यानं छोटी घेतली, ६० बाय ३५ बाय ३५ सेंटिमीटर. "एवढी पुष्कळ झाली," तो म्हणाला होता. एका रात्री वीज गेली. सकाळी उठते तो बैठकीत पाणी, सतरंजी भिजलेली, कपाटाची प्लाय फुगलेली!

मग मी वही-पेन घेऊन बसले. वरची टाकी १२० बाय ४५, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की ५.४ लिटर. पंपाच्या नळीचं तोंड पाण्याखाली ८ सेंटिमीटर होतं. पंप थांबला की तीच नळी उलटी पाणी ओढते, तोंड उघडं पडेपर्यंत. म्हणजे ४३ लिटर खाली. खालच्या टाकीत २० सेंटिमीटर पाणी आधीच होतं, उरलेली जागा साडेएकतीस लिटरची. वजाबाकी करा! साडेअकरा लिटरच्या वर पाणी माझ्या फरशीवर. सहावीतल्या पोरानं सोडवलं असतं हे उदाहरण. दुकानदारानं नाही सोडवलं, आणि आम्हीही नाही.

आता खाली तीन फुटांची टाकी आहे, नळीचं तोंड पाण्याच्या पातळीला लागून, आणि नळीला एक बारीक भोक, हवा शिरून उलटा ओढ तुटावा म्हणून. भोकात शेवाळ बसतं, दर रविवारी काडीनं साफ करते. हे सगळं वरची टाकी बसल्यावर करायला गेलं की काय होतं ते आम्हाला विचारा. कपाट मोडून नवं केलं. म्हणून म्हणते, भाच्या, आधी कपाटाच्या आतली जागा मोज, मग खालची टाकी ठरव, मग वरची.

आणि आपला उन्हाळा! पाणी २६-२७ अंशांवर राहायला हवं, बाहेर पंचेचाळीस. थंड करायचं यंत्र मिळतं, पण किंमत ऐकून मी गप्प बसले. खालच्या टाकीवर छोटा पंखा लावला. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि गार होतं, आपल्या कूलरचंच तत्त्व. मुंबईच्या दमट हवेत हे एवढं साधणार नाही, तेवढ्यापुरतं विदर्भाचं ऊन कामाला आलं. मे महिन्यात रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. वर घालायचं ते गोडं पाणी, कारण मीठ उडत नाही. खारं घालाल तर मासे लोणच्यात पडतील.

दुकानात आणखी एक गोष्ट समोर करतील, जिवंत प्रवाळ. नको. खडकासारखे कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, जे वाघाला संरक्षण तेच त्यांना. एका दुकानात मला "काही होत नाही बाई, सगळेच ठेवतात" असं सांगितलं. पोरं कॉपी करताना सापडली की हेच म्हणत. आमच्याकडे बनवलेले सिरॅमिकचे दगड आहेत, आणि दोन विदूषक मासे, तेही पैदास केंद्रातले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ह्या माशांची पैदास आपल्या देशात करून दाखवली आहे, मग समुद्रातून पकडलेला मासा कशाला घ्यायचा?

शेवाळही कीटोमॉर्फाच घे. कॉलेर्पा दिसायला देखणं असतं, पण कधी एका रात्रीत विरघळून सगळं पाणी दुधाळ करतं. त्याचाच एक प्रकार १९८४ च्या सुमारास मोनॅकोच्या मत्स्यालयातून सुटला आणि भूमध्य समुद्राच्या तळाशी पसरत गेला.

खर्च वाढतो हे खरं. वरच्या टाकीत चार मासे कमी घे, भागेल. लेक हिरमुसेल म्हणतोस, तर तिला खालचं कपाट उघडून दाखव. शेजारची पोरं आमच्याकडे येतात ती वरचे मासे मिनिटभर बघतात आणि मग खाली उकिडवी बसतात. छावणीतला दिवा मी रात्री लावते, वरचा बंद झाला की, म्हणजे रात्री पाणी आंबट व्हायला लागतं ते शेवाळ थोडं सावरून धरतं. अंधाऱ्या बैठकीत तेवढंच एक हिरवं चौकट उजळलेलं असतं, आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे जीव काचेवरून पळत असतात.

भाच्याचा अजून फोन नाही. काल त्याच्या बायकोचा मेसेज आला, कपाटाची आतली लांबी ८४ सेंटिमीटर आहे, चालेल का? मी उंची आणि खोली विचारली आहे.