कोड येत नाही? मराठी तर येतं!

'ओपन सोर्स' म्हटलं की कॉलेजात ठरलेलं उत्तर येतं, 'ते कम्प्युटरवाल्यांचं काम.' बीए, बीकॉम, मास मीडियावाले लगेच बाजूला. मला हे अजिबात पटत नाही. ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस, वर्डप्रेस ही त्यातली ओळखीची नावं. आणि ते मराठीत नीट चालायला हवं असेल, तर कोडइतकाच भाषेचा कानही लागतो.

साधं उदाहरण. इंग्रजीत 'अमुक डिलीटेड' एवढं लिहिलं की झालं, रिकाम्या जागी काहीही येऊ दे. मराठीत फोटो डिलीट झाला, फाइल डिलीट झाली, चित्र डिलीट झालं आणि पाच फायली असतील तर डिलीट झाल्या! परदेशात बसलेल्या प्रोग्रामरला हे कुठून कळणार? आपण कळवलं तरच. तसंच 'ओपन'चं. बटणावर नुसतं 'उघडा' लिहिलं तर आमचा अख्खा वर्ग हसेल. मशीन ट्रान्सलेशन आहे की, असं कुणी म्हणेल. पण सुटा शब्द दिला तर 'होम'चं 'घर' करून ते मोकळं होऊ शकतं. 'सेव्ह करा' की 'जतन करा', हे मराठी बोलणाऱ्यानंच ठरवायला हवं. फायरफॉक्सच्या भाषांतरासाठी मोझिलाचं 'पाँटून' आहे, वर्डप्रेसचीही अशी सोय आहे. लॉग-इन करा, पर्याय सुचवा, जाणकार तो तपासून मंजूर करतात. कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

लिहायचाही कंटाळा असेल तर आवाज द्या. मोझिलानं २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'कॉमन व्हॉइस'मध्ये समोर आलेली वाक्यं वाचायची किंवा इतरांनी वाचलेली ऐकून बरोबर-चूक सांगायचं. त्यात मराठीही आहे. नांदेड, जळगाव, मालवणच्या मुलांनी इथे यायलाच हवं. पुण्या-मुंबईचेच आवाज साठले तर मशीनला तेवढीच मराठी कळेल आणि गावाकडची आजी फोनशी बोलून बोलून दमेल.

बग कळवणं तर आम्हा पत्रकारितावाल्यांचं हक्काचं काम. 'अॅप चालत नाही' ही तक्रार म्हणजे 'शहरात काहीतरी घडलं' अशी बातमी. कुठलं व्हर्जन, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं? आपले बातमीचे ककारच की हे.

मात्र सर्टिफिकेट, टी-शर्टसाठी येणार असाल तर नकोच. 'हॅक्टोबरफेस्ट' या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात चार बदल सुचवले की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये लोकांनी माहितीच्या फाइलमध्ये एखाद-दुसरा फालतू शब्द घुसवून बदल पाठवण्याचा असा सपाटा लावला की प्रकल्प सांभाळणारे वैतागले. शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्यांना हवंय त्याच प्रकल्पांना सहभागी करून घ्यावं लागलं. कोड न लिहिता केलेलं काम म्हणजे वरवरचं काम, हा समज अशांमुळेच पक्का होतो.

राहिला प्रश्न पैशांचा. फुकट का राबायचं? रास्त प्रश्न आहे. इंटर्नशिपच्या नावाखाली फुकट राबवणं आपल्या पिढीला चांगलंच ठाऊक आहे. कॉमन व्हॉइसचा साठा तर मोठ्या कंपन्याही वापरू शकतात. पण तोच साठा उद्या लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्यालाही एक रुपया न देता मिळतो, हा माझ्यासाठी मोठा फरक आहे. म्हणून सुरुवात करण्याआधी लायसन्स वाचा. तुमचं काम सगळ्यांसाठी खुलं राहणार असेल तर आठवड्याचा एक तास द्या. एकाच कंपनीच्या कुलपात जाणार असेल, तर सरळ मानधन मागा.