पहिला टॅरो डेक स्वतःच घ्या

बर्लिनच्या पुस्तकांच्या दुकानांत टॅरोचे इतके डेक असतात की नवशिक्या गोंधळतोच. त्यात भर म्हणजे 'पहिला डेक भेटच मिळायला हवा' ही समजूत. माझं मत सरळ आहे : स्वतः विकत घ्या, आणि १९०९ सालचा रायडर-वेट घ्या. त्यातल्या सगळ्या ७८ पत्त्यांवर पामेला कोलमन स्मिथ हिने पूर्ण चित्रं काढली आहेत. जुन्या मार्सेय डेकमध्ये एक्क्यापासून दहापर्यंत नुसते पेले, तलवारी मोजायच्या. नवखा माणूस तिथे पाठांतरातच अडकतो. समोर चित्र असलं की काहीतरी सुचतं.

मुळात टॅरो हा पंधराव्या शतकातल्या इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्य त्याला चिकटलं ते अठराव्या शतकात. आपल्या सावंतवाडीची १२० गोल पत्त्यांची दशावतारी गंजिफा, तीही खेळच की! म्हणून इथल्या लांबलचक हिवाळ्यात एकटं वाटलं तर पत्ते जरूर मांडा, मनातलं बाहेर येतं. पण 'भारतात परत जायचं का?' हे त्यांना विचारू नका. त्यासाठी आईबाबांना फोन लावा.