टीएसएच वाढला, म्हणजे थायरॉइड वाढलं का?



फॅमिली ग्रुपवर कधी आईचा किंवा काकूचा लॅब रिपोर्ट आलाय का? त्यात एक आकडा ठळक असतो. टीएसएच ९, आणि शेजारी वर जाणारा बाण. लगेच कुणीतरी लिहितं, "थायरॉइड वाढलंय. गोळी जास्त होतेय वाटतं, थोडे दिवस बंद कर." गोळी बंद होते. काही आठवड्यांनी थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, अंगावर सूज हे सगळं परत सुरू होतं.

चूक कुठे झाली? बाण उलटा वाचला गेला. आज तेवढंच नीट समजून घेऊया.

आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "जेवायला ये!" मुलगा लगेच "आलो" म्हणाला तर आई शांत. उत्तर आलं नाही तर पुढची हाक जरा मोठ्याने. तरीही नाही आला, तर आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत जातो!

आपल्या शरीरात अगदी हेच चालतं. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती मुख्यतः टी-४ आणि थोडं टी-३ हे हार्मोन बनवते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी रक्तातल्या या हार्मोनवर लक्ष ठेवते. ते कमी पडलं की ती थायरॉइडला हाक मारते. त्या हाकेचं नाव टीएसएच. हार्मोन पुरेसं झालं की हाक आपोआप बारीक होते. पियुषिकेच्याही वर हायपोथॅलॅमस बसलेला असतो, तो तिला सूचना देतो.

म्हणजे टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच, ती थायरॉइडला मारलेली हाक आहे. हाक मोठी, म्हणजे बहुतेक वेळा हार्मोन कमी. गोळी चालू असताना टीएसएच वाढला, तर गोळी कमी पडतेय किंवा पोटात नीट शोषली जात नाहीये, अशी शक्यता जास्त. क्वचित पियुषिकेतच बिघाड असतो, तेव्हा हाकेवर विसंबून चालत नाही. म्हणून डॉक्टर गरजेनुसार टी-४ सुद्धा तपासायला सांगतात.

आता समजा, हाक ऐकू येतेय पण घरात सामानच नाही, तर? टी-४ मधला ४ म्हणजे आयोडीनचे चार अणू. आयोडीन नसेल तर हार्मोन बनत नाही, हाक थांबत नाही, आणि सतत हाका ऐकून ग्रंथी बिचारी वाढत जाते. तोच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी एकेकाळी गावंच्या गावं याने त्रस्त होती. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक साधा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एकाला साधं. काही वर्षांतच आयोडीनवाल्या भागांत गलगंड स्पष्ट कमी झाला, साध्या मिठाच्या भागात तसा फरक पडला नाही. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज तुमच्या डब्यातल्या मिठात आयोडीन आहे, त्यामागे ही गोष्ट आहे.

"पण आमच्याकडे तर समुद्राचं मीठ असतं!" असं कोकणातली मंडळी म्हणतील. समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन अगदीच नगण्य असतं. सैंधवाचंही तेच. उपवासाला सैंधव खा, पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच बरं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, म्हणून मीठ जास्त खायची गरज नाही.

ही यंत्रणा फक्त माणसाची नाही बरं का. मासे, बेडूक, पक्षी, पाठीचा कणा असलेल्या सगळ्यांमध्ये ती आहे. पावसाळ्यात डबक्यात शेपटीवाली बेडूकपिल्लं दिसतात ना? त्यांची शेपूट जाऊन पाय फुटतात ते याच हार्मोनमुळे. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने अशा पिल्लांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेआधीच चिमुकले बेडूक झाली! आपल्या बाळांच्या मेंदूची वाढही याच हार्मोनवर अवलंबून असते. पहिले तीन महिने तर पोटातलं बाळ आईच्याच हार्मोनवर जगतं. म्हणून गरोदरपणात गोळी मनाने कधीच बंद करू नका. उलट तेव्हा डोस अनेकदा वाढवावा लागतो, त्यामुळे कळताच डॉक्टरांना सांगा. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत टाचेच्या थेंबभर रक्ताची टीएसएच चाचणी करता येते. ती झाली का, हे नक्की विचारा.

शेवटी गोळी घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं:

सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्या. चहा-कॉफी आणि नाश्ता अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगा, त्याने आकडे चुकू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टी-४ रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे गोळी बंद केली तरी सुरुवातीला काहीच वाटत नाही, आणि माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवायही बरी आहे मी!" डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगतात, तीही याचसाठी.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर तो बाण दिसला, की "गोळी बंद कर" असं लिहिण्याआधी एवढंच विचारा: "काकू, गोळी रोज घेताय ना? चहाच्या आधी?" आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन द्या.