सोलापुरांतील बागा, मैदानें व वाचनालयें

सोलापूर हें कष्टकऱ्यांचें नगर आहे. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांचा तो काळ मागें पडला. पण यंत्रमागावरील चादरी व टॉवेल आणि विडीचा धंदा ह्यांवर आजही हजारों कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा नगरांत काम संपल्यावर मनुष्यानें बसावें कोठें, मुलांनीं खेळावें कोठें आणि वाचूं इच्छिणाऱ्यानें पुस्तक मागावें कोणापाशीं, हा प्रश्न चैनीचा आहे असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. आणि कां वाटत नाहीं, तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जें आहे त्याचा आदरानें उल्लेख केला पाहिजे. भुईकोट किल्ला, त्याच्या तटाला लागून असलेली बाग, सिद्धेश्वराचें तळें, होम मैदान, पार्क मैदानावरील इंदिरा गांधी स्टेडियम आणि १९३१ सालीं फांशी गेलेल्या चार हुतात्म्यांचें स्मृतिमंदिर हीं सर्व स्थळें एकमेकांच्या शेजारीं आहेत. नगराच्या मध्यभागीं इतकें पाणी, इतकी मोकळी जागा आणि इतका इतिहास एकत्र सांपडणें हें भाग्यच होय. २०१६ च्या जानेवारींत स्मार्ट सिटी योजनेसाठीं केंद्र सरकारनें जीं पहिलीं वीस नगरें निवडलीं त्यांत सोलापूर होतें, आणि त्या पैशांतून ह्या परिसराला पुष्कळ अंशीं नवें रूप आलें. २०२४ च्या जानेवारींत पार्क मैदानावर महाराष्ट्र व मणिपूर ह्यांचा रणजी सामना झाला, तेव्हां पॉली उम्रीगरांच्या ह्या जन्मगांवीं त्याचें कौतुक झालें तें साहजिकच.

परंपरा असें सांगते कीं, बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं लोकांच्या श्रमानें हें तळें खोदविलें, आणि नगराभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं. आजही संक्रांतीच्या गड्डा यात्रेंत सात नंदीध्वज त्या लिंगांच्या भेटीस निघतात. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी ह्या रचनेंतील एक गोष्ट आम्हांस मोठी मार्मिक वाटते. मोठें तळें एकच. पण लिंगें अडुसष्ट, आणि तीं एके ठिकाणीं रचून न ठेवतां चोहों बाजूंस विखुरलेलीं. आमच्या काळच्या योजकांनीं तळ्याचा धडा चांगला गिरविला, अडुसष्टांचा मात्र सोडून दिला.

आतां नगराच्या पूर्व भागाकडे वळूं. येथें तेलुगुभाषक विणकर पिढ्यानुपिढ्या राहत आले आहेत. बोळाबोळांतून मागांचा खडखडाट ऐकूं येतो, आणि त्याच बोळांत मुलांचें चेंडूफळीचें मैदानही असतें. येथील सात वर्षांच्या मुलाला स्टेडियमचा उपयोग काय? वाहनें चुकवीत, कोणी वडील माणूस बरोबर घेऊन तेथें जावयाचें, आणि त्या वडील माणसाची तर मागावरची पाळी चालू! लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला आणि कडेवर पोर असलेल्या बाईला जी बाग दहा मिनिटें चालून गांठतां येत नाहीं, ती त्यांच्यापुरती नसल्यासारखीच.

विडी वळणाऱ्या स्त्रियांची गोष्ट तर विशेष विचार करण्याजोगी आहे. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पानें कापावयाचीं, तंबाखू भरावयाची, दोरा गुंडाळावयाचा. तयार विड्या पोंचत्या करावयाच्या. आणि मग चूल. मोकळा मिळाला तर अर्धा-पाऊण तास, तोही दिवेलागणीनंतर. त्या वेळीं बागेला कुलूप असेल, किंवा दिवा नसेल, किंवा स्त्रियांसाठीं स्वच्छतागृह नसेल, तर ती बाग आपल्यासाठीं नव्हे हें तिला कोणीं सांगावें लागत नाहीं. शिवाय आमचा उन्हाळा! पारा ४० अंशांच्या वर चढला म्हणजे दिवसभर तापलेली फरशी रात्रींही ऊन ओकीत राहते. ह्या हवेंत कारंज्यांहून लिंबाच्या सावलीचें मोल अधिक आहे. पिण्याचें पाणी जेथें उजनीहून लांबच्या नळानें आणावें लागतें, तेथें हिरवळीचे गालिचे अंथरण्यांत शहाणपण कसलें? लिंब, चिंच, वड हीं आपल्याच मातींतलीं झाडें लावावीं, आणि त्यांना सांडपाणी शुद्ध करून द्यावें.

अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथें तर कामगारांचीं नवीं नगरेंच उभीं राहिलीं आहेत. गोदूताई परुळेकरांच्या नांवें विडी कामगार स्त्रियांसाठीं २००६ सालीं १०,००० घरें झालीं. पुढें रे नगर येथें ३०,००० घरांची योजना निघाली, व तींतील १५,००० घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें कामगारांस मिळालीं. हें कार्य मोठें आहे, ह्यांत संशय नाहीं. पण एवढीं घरें म्हणजे एक लहानसें शहरच. त्याचीं मैदानें व वाचनालयें हीं आज तेथें रांगणारीं मुलें शाळेंत जाऊं लागण्यापूर्वीं तयार हवींत. नाहींतर तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें होईल.

वाचनालयांविषयीं बडोद्याचें उदाहरण घेण्यासारखें आहे. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून बॉर्डन ह्या ग्रंथपालांना बोलावून घेतलें, आणि त्या संस्थानांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडीं जाऊं लागल्या. मोठी इमारत होईपर्यंत वाचकानें थांबावें, ही कल्पनाच त्यांनीं मोडून काढली. सोलापुरांत अशी पेटी निघाली तर तींत मराठीबरोबर तेलुगु, कन्नड व उर्दू पुस्तकेंही असलीं पाहिजेत. कारण ज्या भाषेंत आई रागावते त्या भाषेंतलें पुस्तक मूल आधीं उघडतें.

पैसा कोठून येणार, असें विचारलें जाईल. बागा व क्रीडांगणें हीं नगरसंस्थांचीं कामें म्हणून १९९३ सालीं अंमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनेंच नमूद केलीं आहेत. स्मार्ट सिटी योजनेची मुदत २०२५ च्या मार्चअखेर संपली. बांधण्याचा पैसा बाहेरून आला. झाडण्याचा, शिंपण्याचा व राखण्याचा पैसा मात्र घरचाच लागणार. बांधणाऱ्याचें नांव शिळेवर कोरलें जातें, झाडणाऱ्याचें कोठेंच नसतें. म्हणून अंदाजपत्रकांत दुसऱ्याचा विसर पडतो. नव्या कामाची एकही शिळा बसविण्यापूर्वीं जुन्या बागांच्या माळ्यांची संख्या पुरेशी आहे कीं नाहीं, एवढें सभासदांनीं विचारावें.

आणि एक मार्ग तर फारच अल्प खर्चाचा आहे. नगरांतील अनेक शाळांना मैदानें आहेत. शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवशीं तीं पेठेंतील मुलांना मोकळीं ठेवावींत. त्यांत आमच्यासारख्या शाळांनीं मागें राहूं नये. रखवालदार, मोडतोड आणि मुलींचा वेळ ह्या तीन गोष्टी आधीं लेखी ठरल्या पाहिजेत. रखवालदाराचें वेतन महापालिकेनें द्यावें, मोडतोडीची जबाबदारी पेठेंतील गणेशोत्सव मंडळांनीं घ्यावी, आणि संध्याकाळचा पहिला तास मुलींसाठीं राखून ठेवावा, असें आम्ही सुचवितों.