मंगफची आरती

करारावर आलेल्या आपल्या पणजोबांचे पत्राची वाट पाहण्यात महिने जात. गेल्या गणेशचतुर्थीस मात्र कुवेतमधील मंगफहून माझ्या भाच्याने मोबाइलवरून थेट आरती दाखविली, आणि ऐन आरतीतच चित्र गोठले. मॉरिशसला बसलेली माझी वृद्ध आई खिन्न झाली.

चित्रपट पाहण्यास डाउनलोडचा वेग लागतो. थेट चित्र पाठविण्यास अपलोडचा, आणि तो बहुधा पुष्कळ कमी असतो. शिवाय एकाच मनोऱ्यावर अनेकांचा भार, म्हणून तो सारखा हेलकावतो. मोजलेल्या वेगाच्या निम्माच वापरावा. १०८० ऐवजी ७२० चे चित्र सेकंदास सुमारे ३ मेगाबिटांत भागते. फोन खिडकीपाशी ठेवावा. मूर्ती थोडी अंधुक चालेल. तुटका आवाज नको.

विसर्जनाच्या दिवशी भाच्याने तसेच केले. आई शेवटपर्यंत टाळ्या वाजवीत होती.