परतीचे भाडे

माझी नात गणपतीसाठी सांगवीला आली तेव्हा पिशवीतून एक जाडजूड कादंबरी काढून माझ्या उशाशी ठेवीत म्हणाली, "आजोबा, आधी वाचा, मग आपण भांडू." मी दोन रात्रींत ती वाचून संपविली आणि आता भांडावयास बसलो आहे, मात्र नातीशी नव्हे.

कादंबरीचे नाव सांगत नाही. एक झाकावी तर दुसरी उघडी पडावी, इतक्या तशा निघाल्या आहेत. नायिका चोवीस वर्षांची, स्वतः कमावती. मैत्रिणीच्या लग्नासाठी ती राजस्थानात जाते. हल्ली ज्याला 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात त्यातले हे लग्न. गाव वधूचे नाही, वराचेही नाही. तिसऱ्याच मुलखात तळ्याकाठच्या एका राजवाड्याचे हॉटेल झालेले, तेथे चार दिवस वऱ्हाड उतरलेले. वधूचा काका सत्तेचाळीस वर्षांचा, कानशिलावर केस पिकलेले, घटस्फोट झालेला आणि अर्थातच श्रीमंत. (असल्या कादंबऱ्यांत सत्तेचाळिसाव्या वर्षी गरीब असलेला पुरुष प्रेमात पडत नाही, त्याला मधुमेह होतो.) हळदीला नजरानजर, मेंदीला बोलणे, संगीताच्या रात्री व्हायचे ते. मग भांडण होते, नायिका मध्यरात्रीच्या विमानाने घरी निघून जाते आणि आठ दिवसांनी आपण होऊन परत येते. संपली कादंबरी.

तिच्यावर दोन तऱ्हेचे लोक बोलतात. एक आमच्यासारखे म्हातारे, ज्यांना संस्कृती बुडाली असे वाटते. त्यांच्याशी माझे भांडण नाही. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलीने कोणावर प्रेम करावे हे मला विचारून ठरावयाचे नाही. दुसरे लोक अधिक शिकलेले. ते म्हणतात, "वय म्हणजे नुसता आकडा. मराठी साहित्याने हा सोवळेपणा आता सोडावा." माझा राग आहे तो या वाक्यावर. ते बोलणाऱ्यांनी मराठी साहित्य वाचलेले नाही, आणि नीरेच्या काठचे एखादे लग्नही पाहिलेले नाही.

देवलांचे 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पंचाहत्तरीला टेकलेला भुजंगनाथ, पोरीचे पैसे मोजून घेणारा बाप कांचनभट आणि हे जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित यांना सव्वाशे वर्षे आपण हसतो आहोत. पण एक गोष्ट हसण्याच्या भरात निसटते. ते लग्न भर मांडवात मोडते ते नवऱ्याच्या वयामुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून. म्हाताऱ्याने पोर विकत घ्यावी, या अपराधाला त्या समाजाच्या पोथीत कलमच नव्हते. देवलांना दुसरे कलम शोधून आणावे लागले. पुढे १९३७ साली नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून 'प्रभात'ने 'कुंकू' काढला. त्यातल्या शान्ता आपट्यांच्या नीरेला गोत्राचा आधार लागला नाही. फसवून लावलेले हे लग्न मी मानीत नाही, एवढेच ती म्हणते आणि त्यावर शेवटपर्यंत ठाम राहते. केशवराव दात्यांचा म्हातारा वकील अखेर स्वतःचा जीव देऊन तिला मोकळी करतो. तिची सुटका व्हावयास कोणाला तरी मरावे लागले, हे मला त्या काळी फार भव्य वाटे. आज वाटत नाही.

येथे कोणी तरी न्यायमूर्ती रानडे माझ्या अंगावर फेकील हे मी जाणतो. १८७३ साली रानडे एकतीस वर्षांचे आणि रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता वडिलांच्या हट्टापुढे नमला. रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींतले प्रेम खोटे म्हणण्याची माझी छाती नाही. पण ते प्रेम लग्नानंतर, रानडे होते म्हणून उगवले. रानडे निघाला तर ठीक, हा हिशेब मुलीच्या बापाने करावयाचा की लॉटरीच्या दुकानदाराने?

लांबच्या गावी जाऊन लग्न लावण्याचे हे जे नवल सांगतात, तेही जुनेच आहे. सांगवीहून फलटणचा रस्ता धरला की नीरेचा पूल लागतो. आज पलीकडे सातारा जिल्हा आहे. इंग्रजी अमदानीत पलीकडे फलटणचे संस्थान होते. १९२९ च्या सप्टेंबरात शारदा कायदा मंजूर झाला. मुलीचे वय निदान चौदा आणि मुलाचे अठरा असावे, एवढेच बापड्याचे म्हणणे. (नाव हरबिलास सारडांचे, मराठी कानाला ते देवलांच्या नायिकेचे वाटले तर तो योगायोग समजावा.) अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत देशभर अशी लगीनघाई उसळली की १९३१ च्या शिरगणतीत तिचा डाग उमटला. आणि कायदा ब्रिटिश मुलखाचा, म्हणून ठिकठिकाणच्या लोकांनी वऱ्हाडे गाडीत घालून संस्थानी हद्दींची वाट धरली. आमच्या बाजूला तो कायदा या नदीच्या पात्रात थांबत होता. लग्न आपल्या गावी का लावीत नाहीत, याचे एक कारण तळे सुंदर असते हे खरे. दुसरे कारण असे की परक्या गावात 'थांबा' म्हणणारे कोणी ओळखीचे नसते.

आता आजचे बोलू. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या सोलापुरात बाशिंगे बांधलेल्या अविवाहित तरुणांनी, कोणी घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. मागणी काय, तर आम्हाला बायको द्या! वर्तमानपत्रे हसली. मला हसू आले नाही, कारण ते चेहरे माझ्या वर्गात बसून गेलेले आहेत. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, आणि तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली निघाल्या ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. ज्या मुली जन्मल्या त्यांच्या बापांना नोकरदार जावई हवा. राहिला तो दहा एकर ऊस असलेला, कालव्याचे पाणी असलेला, पस्तिशी उलटलेला बागायतदाराचा पोर. बारामती-इंदापूरच्या कोणत्याही वाडीत असे पाचसात दाखवून देईन. त्यांची दया येते हे मी नाकारीत नाही.

मग मध्यस्थ येतो. लांबच्या जिल्ह्यातली गरिबाची मुलगी शोधतो, दोन्हीकडून आपले घेतो. मुलीच्या बापाला 'लग्नाचा खर्च' मिळतो. हुंडा उलट्या दिशेने वाहू लागला एवढाच फरक. लग्न ना इकडच्या गावी ना तिकडच्या, मधल्या एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी. भद्रेश्वर दीक्षिताजवळ आता मोबाइल आहे.

गेल्या वैशाखात असल्या एका लग्नाला मी वडीलधारा म्हणून गेलो होतो. नवरा माझा विद्यार्थी, मुलखाचा सरळ, वय एकेचाळीस. मुलगी विदर्भातली, वय वीस. दाखला मी स्वतः डोळ्यांखाली घातला. म्हणजे कायद्याने सारे बिनचूक. एका जीपगाडीत अकरा माणसे, मंगलाष्टके ध्वनिमुद्रित, बाप जेवण होताच निघून गेला. मी अक्षता टाकल्या. तिला एक शब्द विचारण्याइतका वेळ होता. मी विचारला नाही. उगीच कशाला, असे मनाशी म्हणालो. मराठी माणसाची निम्मी पापे या दोन शब्दांनी झाकली आहेत.

मुलगी आमच्या शेजारीच नांदते. मारहाण नाही, जाच नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नवरा तिच्याकडे नव्या ट्रॅक्टरकडे पाहावे तसे कौतुकाने पाहतो. बारावी झालेली आहे, वाचनाची आवड आहे, म्हणून आमच्या घरी पुस्तकांसाठी येते. नातीने टाकून दिलेली ती कादंबरी तिने नेली आणि चार दिवसांत परत आणली. मी म्हातारपणाच्या खवचटपणाने विचारले, "काय गं, आवडली का? सत्तेचाळीस आणि चोवीस. तुला कसे वाटते?"

मला वाटले ती वयाबद्दल काही तरी बोलेल. ती राजवाड्याबद्दल बोलली नाही, हळदीबद्दल बोलली नाही. पुस्तक फळीवर नीट लावीत म्हणाली, "ती रागावून मधी घरी गेली ना जी, गुरुजी, ते मले आवडलं. तिच्यापाशी तिकिटाचे पैसे होते." मग जरा थांबून तिने विचारले, "बारामतीवरून अमरावतीकडं डायरेक्ट गाडी आहे का?"

'वय म्हणजे नुसता आकडा' म्हणणाऱ्या माझ्या विद्वान मित्रांना मी हे विचारतो: तुमच्या कादंबरीतली ती मध्यरात्रीची विमानफेरी काढून टाका आणि उरलेली गोष्ट पुन्हा वाचा. तोच राजवाडा, तोच पिकल्या कानशिलांचा उदार पुरुष, तेच दागिने. फक्त नायिकेच्या पर्शीत पैसे नाहीत, घरी बाप घेणार नाही, आणि वाट ठाऊक नाही. मग काय उरते? तुम्हाला प्रेमकथा लिहावयाची तर अवश्य लिहा, तेवीस काय, बत्तीस वर्षांचे अंतर ठेवा. पण मध्ये एकदा तिला जाऊ द्या. आणि जिला जाता येत नाही तिची कादंबरी कोण लिहिणार? दर दिवाळीला तुम्ही अंकामागून अंक भरता. नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या या सुना त्यांतल्या एकाही गोष्टीत मला भेटलेल्या नाहीत. देवल असते तर त्यांनी हा विषय सोडला नसता, आणि या वेळी त्यांना गोत्राची सबबही चालली नसती.

तिने विचारले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बारामतीच्या स्टँडवर गेलो. चौकशीच्या खिडकीवर विचारून गाड्यांच्या वेळा, कोठे बदलावयाचे ते गाव आणि भाडे, सारे एका कागदावर लिहून आणले. २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे; तेही खाली लिहिले. घरी येताना वाटेत तिचा नवरा भेटला. "गुरुजी, उन्हाचे कुठं हिंडता?" म्हणून त्याने मला मोटारसायकलवर मागे बसवून दारापर्यंत सोडले.

तो कागद अजून माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे.